मालकीणबाईंच्या चपला

भिमाजीच्या खताच्या दुकानापुढं सकाळपासून चपलांची रांग लागली होती. माणसं समोरच्या लिंबाखाली तंबाखू मळत बसलेली आणि त्यांच्या चपला मात्र चिखलात इमानेइतबारे नंबर धरून उभ्या. नांदगावकडच्या या गावात ही जुनी रीत. माणूस घरी जाऊन भाकर खाऊन येईल, पण त्याच्या चपलेला कुणी हात लावायचा नाही. गावात बांध कोरणारे होते, पाण्याची पाळी चोरणारे होते, पण दुसऱ्याची चप्पल मागं सारणारा अजून जन्माला यायचा होता.

बयाबाई त्या रांगेपुढून मुद्दाम सावकाश चालली होती. तिच्या चपला तिच्या पायात होत्या.

"काय तात्या, आजून बसलेच का?" तिनं गोरक्षतात्यांना विचारलं. तात्यांचं वावर तिच्या बांधाला लागून होतं.

"मंग काय करता? पाऊस उघडला, वाफसा आला, मका गुडघ्याला लागलाय. आत्ता युरिया पडला तर पडला. ओल गेल्यावर टाकून काय उपेग?"

"आन भिमाजी काय म्हनतो?"

"त्यो म्हनतो गाडी आली का देतो. पन गोनीमागं ती हिरवी बाटली घ्यावी लागंल."

दुकानात हिरव्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. बाटलीत कसलं तरी टॉनिक होतं. ते पिकाला लागू पडतं की नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं, पण किमतीला गोणीपेक्षा भारी होतं. गल्ल्यावरून भिमाजी ओरडला, "माझ्याकडं काय बघता? वरून तसाच माल येतो. गोनी मागितली का बाटल्यांचं खोकं संगट येतं. लिंकिंग म्हनत्यात त्याला!"

"आमाला नाय बाई त्या बाटलीचं काम," बयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या सोमनाथनं चैतातच गोन्या घेऊन ठेवल्या. देवळाली कॅम्पात त्याच्या दोस्ताचं गोदाम हाय, तिढं कोरड्यात पडल्यात. शिकलेलं पोरगं आसलं म्हंजी आसं आसतं."

सुख पचवायची बयाबाईला सवय नव्हती. ते चार जणांना सांगितल्याशिवाय तिच्या अंगी लागत नसे. लिंबाखालचे चेहरे पुरेसे पडलेले पाहून ती घराकडं निघाली.

घरी सोमनाथ ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता. पोरगा बी.कॉम. झालेला. नाशकात थोडे दिवस नोकरी करून, तिथं आपल्या बुद्धीची कदर होत नाही असं ठरवून परत आलेला. मोबाइलवर लाल-हिरव्या रेघा वरखाली होत होत्या आणि त्यांच्यासोबत त्याचा चेहराही.

"ऊठ. गाडी काढ आन गोन्या घेऊन ये."

सोमनाथनं मोबाइल उलटा ठेवला. "आई, गोन्या नाय."

"नाय म्हंजी? चोरीला गेल्या?"

"घेतल्याच नव्हत्या."

"मंग पैशाचं काय केलं?"

"कंपनी घेतली," सोमनाथ म्हणाला.

बयाबाई जोत्यावर बसली. लेकाला काही झालंय की काय, या धास्तीनं तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अन्नवैभव फर्टिकेम नावाची कंपनी. जिच्या गोण्या घ्यायच्या, तिचेच शेअर सोमनाथनं घेतले होते. त्याचा हिशेब सरळ होता. गोणी घेतली की एकदाच मातीत जाते. कंपनी घेतली की दर वर्षी नफा देते. त्या नफ्यात गोण्या फुकट. देवळालीचा दोस्त खरा होता, गोदामही खरं होतं. त्यात फक्त गोण्या नव्हत्या.

"मंग झाला का नफा?"

"झाला ना! परवाच तिमाही निकाल लागला. मागच्या सालापेक्षा लय वाढलाय."

"मंग काढ पैसे."

"पन शेअर पडला."

"नफा झाला आन पडला?"

"बाजाराला आजून जास्तीची आशा व्हती. शिवाय जगाचा अंदाज आलाय, आई. ब्राझीलमंदी मका लय झालाय. अमेरिकेतबी पीक जोरात हाय. मक्याचे भाव नरम ऱ्हातील. मंग शेतकरी खत कमी घेईल, आसं त्या लोकांना वाटतंय."

"कमी घेईल? भिमाजीच्या दारात येऊन चपला मोज म्हनावं त्यांना! आन जगात मका लय झाला, तर माझ्या वावरात पिवळा पडलाय, त्यो आला का त्यांच्या अंदाजात?"

सोमनाथ म्हणाला की अंदाज इतक्या खालपर्यंत येत नाही.

"इकून टाक ती कंपनी."

"आता इकली तर तोटा. आन पैसे आले तरी भिमाजीकडं गोनी कुढं हाय?"

बयाबाईनं भांडी आदळली. तिची खरी सल वेगळीच होती. दर उन्हाळ्यात ती वावरात मेंढ्या बसवायची. मेंढपाळाला धान्य द्यायचं, त्याचा मेंढ्यांचा वाडा रात्री शेतात बसायचा आणि लेंड्यांनी रान काळं व्हायचं. यंदा सोमनाथ म्हणाला होता, आता कोण मेंढ्या बसवतं, आपण खत घेऊ. तरी मेंढपाळ जुन्या ओळखीनं येऊन ओढ्याकडच्या पट्टीत मुक्काम करून गेला. तेवढी पट्टी आज हिरवीगार होती. बाकीचं रान बघवत नव्हतं. बांधावर उभी राहून बयाबाई रडली. आपल्या पोटच्या पोरानं आपल्याला असं उघड्यावर पाडावं, याचं तिला फार वाईट वाटलं. आणि सकाळी लिंबाखाली आपण काय काय बोललो, ते आठवून आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डब्यातले साठवणीचे पैसे घेऊन ती दुकानात गेली तेव्हा मात्र ताठ मानेनं गेली. मान खाली घालायची ती रीतच शिकली नव्हती.

"भिमाजी, ती खताची कंपनी आमची हाय. सोमनाथनं शेअर घेतलेत. मालकाला काय रांग नसती."

लिंबाखाली जो हशा उसळला, तो वेशीपर्यंत गेला असेल.

"मालकीणबाई," भिमाजी हात जोडून म्हणाला, "तुमचीच कंपनी आसंल, तर तेवढी गाडी धाडा की लवकर! आमीबी खोळंबलोय."

"आन त्या देवळालीच्या गोन्या?" गोरक्षतात्यांनी डोळे मिचकावले. "त्या कोरड्यात पडल्यात ना?"

बयाबाईनं पायातल्या चपला काढल्या आणि सगळ्यांच्या शेवटी नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून गावात तिला मालकीणबाई हे नाव पडलं.

गाडी त्याही दिवशी आली नाही आणि पुढं आठवडाभरही आली नाही. ऊन चटका देऊ लागलं. मातीला भेगा पडायला आता फार वेळ नव्हता. अशात सोमनाथला आठवलं, की कंपनीची वार्षिक सभा मोबाइलवर होणार आहे आणि तीत बोलायला त्यानं मागंच नाव घातलं आहे. नाव घालण्यामागं कंपनीचं भलं करावं असा विचार नव्हता. आपण साहेबांशी इंग्रजीत बोलतोय, हा व्हिडिओ मित्रांना पाठवायचा होता. गावातल्या रेंजवर बोलणं व्हायचं, रेघा दिसायच्या, पण व्हिडिओ चालत नसे. फक्त भिमाजीकडं, खत देताना अंगठा घ्यायच्या मशीनसाठी, चांगलं इंटरनेट घेतलेलं. म्हणून कंपनीचे भागधारक सोमनाथराव भिमाजीच्या दुकानाच्या पायरीवर, बाटल्यांच्या खोक्यावर मोबाइल टेकवून सभेला बसले. चपलांचे सगळे मालक भोवती गोळा झाले.

पडद्यावर कोट घातलेले अध्यक्ष बोलत होते. सोमनाथ मराठी करून सांगत होता. "ते म्हनत्यात, जगात अनिश्चितता हाय. युद्धामुळं खताला लागनारा ग्यास महागला. तरीबी कंपनीनं नफा वाढवला."

"कसा काय?" तात्यांनी विचारलं.

"त्या बाटलीमुळं. बाटलीचा खप दुप्पट झाला म्हनत्यात. शेतकऱ्यांनी आपनहून पसंत केली."

लिंबाखालून कुणीतरी शिवी घातली. ती सोमनाथनं इंग्रजीत केली नाही.

"आन म्हनत्यात, आमी माल शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचवलाय."

मग भागधारक बोलू लागले. एकानं अध्यक्षांच्या प्रकृतीची चौकशी केली. एका बाईंनी अहवालाच्या कागदाचं आणि रंगसंगतीचं कौतुक केलं. कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्यानं, दिवाळीला मिठाईचा डबा का आला नाही, असं रागानं विचारलं. अध्यक्षांनी त्याची नोंद घ्यायला सांगितली.

सोमनाथचं नाव पुकारलं गेलं. रात्रभर पाठ केलेलं भाषण त्यानं सुरू केलं, "रिस्पेक्टेड चेअरमन सर..." आणि पुढचं सगळं विसरला. घामानं त्याचा सदरा भिजला. बयाबाईनं त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"साहेब, मी बयाबाई. याची आई. तुमी म्हनले, माल दारापर्यंत पोचलाय. आता दार बघा." तिनं मोबाइल फिरवला. "ह्या आमच्या चपला. ही भुऱ्या पट्ट्याची माझी, शेवटची. धा दिस झाले, रांगेत चपला हायत आन गाडी नाय. आन हे बघा, तुमी म्हनले आमी पसंत केलं ते." मोबाइल बाटल्यांच्या खोक्यांवरून फिरला. भिमाजी घाईनं गल्ल्याखाली वाकला. "हे कुनी पसंत केलं नाय. गोनी पायजे तर ही घ्या, आसं म्हनत्यात. तुमच्या नफ्याबद्दल मला काय म्हनायचं नाय, झालाय तर झाला. पन मका आज पिवळा पडतोय. जगातला नाय, माझा. गोनी कधी धाडता, तेवढं सांगा."

पडद्यावरचे साहेब एकमेकांकडं पाहू लागले. अध्यक्ष हसून म्हणाले, "धन्यवाद माताजी. हमारी टीम आपसे संपर्क करेगी." लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं आणि पुढच्या माणसानं अध्यक्षांच्या दूरदृष्टीला वंदन केलं.

"टीम कशाची येती आता," तात्या म्हणाले. पण या वेळी कुणी हसलं नाही.

टीम आली. दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या गाडीतून मयुरेश नावाचा एक तरुण उतरला. कंपनीचा जिल्ह्याचा प्रतिनिधी. त्याच्या मागं कॅमेरावाला.

"मावशी, तुमचं बोलणं सभेत सगळ्यांना खूप भावलं. आमच्याकडून ही छोटीशी भेट." त्यानं रंगीत कागदात गुंडाळलेला खोका पुढं केला. बयाबाईनं कागद सोडला. आत हिरवी बाटली होती.

"बाबा, ही नको म्हनून तर येवढी बोलले मी!"

मयुरेश लाजला. पोरगा तसा बरा होता. "खरं सांगू का, मावशी? सभेतला तुमचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय. वरून फोन आलाय, एका समाधानी शेतकऱ्याचा फोटो लगेच पाठवा म्हणून."

"समाधान गाडीतून येतं. आधी गाडी आन, मंग फोटो काढ. आन बाटली कुनाच्याच गळ्यात मारायची नाय."

मयुरेशनं बाजूला जाऊन तासभर फोन केले. इतके दिवस कुठं अडकलेली होती देव जाणे, पण ती गाडी त्याच दुपारी दुकानापुढं येऊन उभी राहिली. मयुरेश दारातच उभा राहिल्यामुळं भिमाजीला बाटलीचं नावही काढता येईना. आजारी माणसासारखा चेहरा करून त्यानं शटर वर केलं.

बयाबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. गाडीत सगळ्यांना पुरतील इतक्या गोण्या आहेत की नाहीत, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती मान उंच करून गोण्या पाहत होती, तेवढ्यात गोरक्षतात्या लिंबाखालून उठले. ते पूर्ण रांग चालून मागं आले, वाकले आणि बयाबाईच्या भुऱ्या पट्ट्याच्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी उचलल्या. दुसऱ्याच्या चपलेला गावात आजवर कुणी हात लावला नव्हता. तात्यांनी त्या सगळ्यांच्या पुढं, थेट उंबऱ्याशी नेऊन ठेवल्या.

"घ्या मालकीणबाई. मालकाला रांग नसती."

कुणीही तक्रार केली नाही. बयाबाईनं सोमनाथवरच खेकसून घेतलं, "बघत काय उभा राह्यला? उचल गोन्या!"

संध्याकाळच्या आत मायलेकांनी वावरात युरिया टाकला. तात्यांनाही गोण्या मिळाल्या. ओल अजून टिकून होती.

मग कबूल केल्याप्रमाणं बयाबाई फोटोला उभी राहिली. कॅमेरावाल्यानं सगळं रान हिंडून ओढ्याकडची हिरवीगार पट्टी निवडली आणि तिथं कंपनीचा पत्र्याचा बोर्ड रोवला. ही पट्टी मेंढ्यांची आहे, हे बयाबाईनं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही. कंपनीच्या पुढच्या तिमाही निकालात तो फोटो पहिल्याच पानावर आला आणि खाली आमच्या टॉनिकची किमया असं छापलेलं होतं. नफा पुन्हा वाढला. शेअर पुन्हा पडला. सोमनाथनं कारण सांगितलं, की जगात मका अजून जास्त झालाय. बाजार समितीतही व्यापाऱ्यांनी तेच सांगून मका पाडून मागितला. जगाचा अंदाज त्या दिवशी बरोबर खालपर्यंत पोचला. बयाबाईनं बोर्ड उपटून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. पत्रा चांगला जाड होता.

त्या संध्याकाळी गोरक्षतात्या ओसरीवर आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग सोमनाथच्या कानाशी लागून म्हणाले, "सोमनाथ, मलाबी एक शेअर पायजे. लिंबाखालच्या समद्यांनाच पायजेत, येकेक. पुढच्या साली आमीबी बोलू म्हनतो."

"घेऊ की तात्या, त्यात काय."

तात्या घुटमळले. त्यांनी दाराकडं पाहिलं, आवाज आणखी खाली आणला आणि विचारलं, "पन त्याच्यासंगट बाटली तर नाय ना घ्यावी लागत?"