अण्णांनी काढलेली तारीख

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून अण्णांनी एकच ध्यास घेतला होता. महाभारताचं युद्ध नेमकं कधी झालं, ते शोधून काढायचं. ध्रुवने आजोबांना कॉम्प्युटरवर जुनं आकाश दाखवणारा प्रोग्राम टाकून दिला आणि गिरगावातल्या त्या घरात ग्रह-नक्षत्रांखेरीज विषयच उरला नाही. अखेर तारीख सापडली. वाडीच्या हॉलमध्ये रविवारी अण्णांचं व्याख्यान ठरलं.

"एकदा नजर टाक गं," म्हणत त्यांनी कागद सुनेच्या हातात ठेवले.

पद्मजा संस्कृत हस्तलिखितांवर काम करायची. अण्णांनी तिच्या कामाची अशी दखल पहिल्यांदाच घेतली होती, त्यामुळे ती हरखलीच. पण वाचता वाचता ती एका श्लोकापाशी अडली. छान आहे म्हणून मोकळं होता आलं असतं. तिला ते जमेना. सकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला.

"अण्णा, तुम्ही ज्यावर भिस्त ठेवलीत तो श्लोक सगळ्या पोथ्यांत सारखा नाहीये. एकीत ग्रह एका नक्षत्रात, दुसरीत भलत्याच. काहींत तर श्लोकच नाही."

"म्हणजे मी चुकलो?"

"गणित चोख आहे तुमचं. पण ही कथा लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगत आले, भर घालत आले. कुठला श्लोक कधीचा, तेच नक्की नाही. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही."

अण्णांनी कप तसाच ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन बसले. पुढे आठवडाभर 'हो' आणि 'नको' यापलीकडे ते तिच्याशी बोलले नाहीत.

"कशाला सांगायला गेलीस?" तिचा नवरा राजेश कुरकुरला. "तेवढाच आनंद होता बाबांना." तिलाही ते पटायला लागलं होतं.

रविवारी हॉल भरला. पद्मजा दाराशीच उभी राहिली. अण्णांनी घसा खाकरला.

"मी तारीख सांगणार होतो. आता सांगत नाही. ती हातातून कशी निसटली, ते सांगतो."

मग ते रंगलेच. पोथी उतरवून घेताना अक्षर कसं बदलतं, ऐकणारे रमले की सांगणारा कसा फुलवत जातो, हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. आपण कामावर गेल्यावर आपलं पुस्तकांचं कपाट कोण उघडत होतं, ते पद्मजाला आत्ता कळलं.

पहिल्या रांगेतले अप्पा उखडले. "म्हणजे सगळं खोटंच म्हणायचं का?"

"खोटं कोण म्हणतंय, अप्पा? कधीचं ते माहीत नाही, एवढंच. आणि पुढचं माझ्या सुनेला विचारा. मी आता तिचा विद्यार्थी आहे."

सगळे मागे वळून बघायला लागले. पद्मजाला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

सोमवारी ती कामाला निघाली, तर अण्णा चपला घालून दारात उभे.

"तुझ्या पुस्तकांतल्या त्या काश्मीरकडच्या पोथ्यांची लिपी शिकायला वयाची अट आहे का गं?"

"छे हो!"

"मग चल. चर्नी रोड स्टेशनपर्यंत चालता चालता दोन-चार अक्षरं तरी होतील."