भंडारा लागलेली प्रत

मित्रांनो, माझ्या डब्यावर हे पिवळे डाग दिसतात ना, ते गंजाचे नाहीत. हळदीचे आहेत. कॉम्प्युटरला हळद लागली म्हणजे याचं लग्नबिग्न झालं होतं की काय, असं तुम्हाला वाटेल. लग्न नाही झालं. पण त्याहून अवघड प्रसंग झाला, तो सांगतो.

मी पारनेरचा एक म्हातारा कॉम्प्युटर. नगरच्या एका दुकानात मला जुळवलं. डबा एका गिऱ्हाइकानं परत केलेला, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचा. तुमच्या घरच्या गोधडीसारखाच मी. पारनेरला आलो तो एसटीच्या टपावर, एका शेळीच्या शेजारी बसून. तिनं वाटेत माझी वायर चघळली. तेव्हापासून मला अधूनमधून हिरव्या पाल्याची भूक लागते. आणि त्या शेळीला पुढे पाढे येऊ लागले, असं तिची मालकीण बाजारात सांगत होती म्हणे. मी ऐकलं ते सांगितलं.

मला आणलं होतं पाणी वाटायला. आमच्याकडे शिमगा झाला की विहिरी तळ दाखवतात. पारनेरच्या जाणत्या आबासाहेबांनी आजूबाजूच्या गावांचं मिळून एक पाणीमंडळ काढलं होतं. टँकर कुठल्या गावाला किती खेपा करणार, ते हे मंडळ ठरवायचं. पण ठरवलेलं टिकायचं नाही. रस्त्यात कुणीतरी आडवं व्हायचं, चिठ्ठीवर पेन फिरायचं आणि गावाची खेप कुणाच्यातरी डाळिंबाच्या बागेत रिकामी व्हायची. एकदा तर दगडफेक झाली. टँकर चालवणाऱ्या रंभाजीच्या कपाळावर अजून खोक आहे. तो म्हणतो वाघानं पंजा मारला. तुम्ही ऐकून घ्या.

म्हणून मी आलो. माझ्यात चौकटीचौकटींचा एक हिशेबाचा प्रोग्राम होता, त्याला स्प्रेडशीट म्हणतात. त्याला बेरीज-वजाबाकी यायची, पण टँकरच्या खेपा लावायचं काही यायचं नाही. ते शिकवायला नगरच्या योगेश इंजिनियरनं त्याला एक छोटा प्रोग्राम जोडून दिला. असल्या जोडलेल्या प्रोग्रामला ॲड-इन म्हणायचे. गावातली घरं सांगितली की खेपा निघायच्या आणि कागद छापून यायचा.

पहिला कागद निघाला त्या दिवशी गावोगावची माणसं माझ्यापुढे जमली. ताटात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा. एकेकानं पुढे येऊन बेलभंडारा उचलला. कागद म्हणेल तसंच पाणी जाईल, कागदावर कुणी पेन चालवणार नाही, अशी शपथ घेतली. आबासाहेबांनी मूठभर भंडारा माझ्यावर उधळला आणि योगेशला म्हणाले, "आता ही प्रत आशी बसव, की याला कवाबी चालू केलं तरी हीच उघडली पायजे. मागनं कुनी दुसरं घुसवायला नको."

योगेशनं प्रोग्रामची ती प्रत एका खास कप्प्यात ठेवली. स्प्रेडशीट जागं झालं की कुणी न सांगता पहिल्यांदा तोच कप्पा उघडतं. पुढे योगेश नोकरीला मुंबईला गेला, आणि त्या कप्प्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं.

दोन-तीन उन्हाळे माझा फार मान होता. दसऱ्याला मला झेंडूची माळ. माझा पंखा इतक्या जोरात फिरायचा की एकदा मी टेबलासकट वीतभर वर गेलो होतो. रंभाजी माझ्या पाठीवर भाकरी ऊन करून खायचा. लोक म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, हा बोलणार नाही.

मग अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा आला आणि खडकवस्तीचा आड आटला.

खडकवस्ती म्हणजे माळावरची थोडीशी घरं. आजवर तिला टँकर लागलाच नव्हता. वस्तीवरची छबूबाई एक दिवस ऑफिसात आली आणि उंबऱ्यावरच बसली. तेव्हा माझं काम जामखेडची प्रज्ञा बघायची. नगरला कोर्स करून ती मंडळात लागली होती.

"बाय, आमचं नाव हाय का आज?"

प्रज्ञानं कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "नाही हो छबूमावशी. घरं तर घातलीत मी तुमची."

"मंग त्याला इचार की, का न्हाई." छबूबाईनं माझ्याकडे बोट केलं. "आमी काय त्याच्या रानात जनावरं घातली का?"

"विचारते."

"लवकर इचार. माझी नात पूजा बाळंतीन हाय. लेकराची अजून पाचवी न्हाई झाली. शेजारच्या वाडीतनं दोन हंडे आनायचो, तर ती बी आता तोंड फिरवत्यात. पानी न्हाई आलं तर समदी वस्ती उठंल. वली बाळंतीन घेऊन कुठं जायाचं, तू सांग."

आबासाहेब आत खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना वाटलं असतं तर एक खेप पाठवता आली असती. पण त्यांनी मान खाली घातली. "छबू, मी एका वस्तीला तोंडी टँकर धाडला, का उद्या धा जन तोंडी मागत्याल. आन पुन्ना दगडं पडत्याल. कागदात यिऊ दे, मग मी सवता टँकरवर बसून येतो."

प्रज्ञानं योगेशचा प्रोग्राम उघडला. चूक तिला दुपारच्या आतच सापडली. एक टँकर जितक्या घरांना पुरतो त्यानं योगेशनं घरांना भागलं होतं आणि उरलेली बाकी टाकून दिली होती. मोठ्या गावाचं त्यानं फारसं बिघडायचं नाही. खडकवस्तीची घरं एका टँकरपुरतीही नव्हती, म्हणून तिथं उत्तर यायचं शून्य. आणि शून्य खेपांचं नाव कशाला छापायचं, म्हणून कागदावरून नावही गायब. प्रज्ञानं दुरुस्ती केली. कितीही लहान वस्ती असो, निदान एक खेप. नवी प्रत तयार केली, मला चालवायला लावली.

कागद आला. खडकवस्ती नाही.

ती दुरुस्ती तिनं पुन्हा वाचली. बरोबर होती. मग तिनं चूक धरायचा सापळा लावला. डिबगिंग म्हणतात त्याला. प्रोग्रामच्या ओळीपुढे एक लाल ठिपका ठेवायचा. चालता चालता प्रोग्राम त्या ओळीवर आला की तिथंच थबकतो, आणि त्याच्या मनात काय आहे ते बघता येतं. तिनं ठिपका ठेवला. प्रोग्राम थबकलाच नाही. शेजारच्या ओळीवर ठेवला, तरी नाही. वाटेत बसलेल्या चोरापुढून वरात निघून जावी तसं सगळं निघून गेलं.

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. पण कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. मी पंखा घरघरवला, दिवा मिचकावला. प्रज्ञाला वाटलं लाइट कमीजास्त होतेय. मग लाइट गेलीच. लाइट परत आली तोवर ऊन उतरलं होतं.

"ताई, नारळ फोडू का?" रंभाजी दारातून म्हणाला.

"फोडा. पाणी तेवढं खडकवस्तीला पाठवा."

रंभाजी हसला नाही. तो म्हणाला, "मी आत्ता तिकडनंच आलो. लोकं भांडी बांधायला लागल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञानं एक वेडी गोष्ट केली. तिनं आपल्याच प्रोग्राममध्ये मुद्दाम घोटाळा घातला. सगळ्या गावांना शून्य खेपा, असं लिहिलं आणि मला चालवलं. कागद आला तो रोजच्यासारखा. गावांना खेपा तेवढ्याच.

तिनं तो कागद कालच्या कागदाशेजारी ठेवला. मग आबासाहेबांना म्हणाली, "आबा, मी लिहिते ते हा वाचतच नाही. हा दुसऱ्याच कुणाचं वाचतोय."

मग तिनं ती खिडकी उघडली, जिथं मी कुणाला कसं उठवायचं ते सांगितलेलं असतं. तिथं दोन चौकटी असतात. पहिलीत लिहायचं, चूक धरताना कुणाला उठवायचं. दुसरीत लिहायचं, तो उठला की त्याच्या हातात काय द्यायचं. पहिलीत स्प्रेडशीट होतं, ते बरोबर. दुसरी चौकट कोरी. म्हणजे मी रोज स्प्रेडशीटला उठवत होतो आणि रिकाम्या हातानं उभं करत होतो. मग ते बिचारं आपल्या सवयीनं त्या खास कप्प्याकडे जायचं आणि भंडाऱ्याची जुनी प्रत काढून कामाला लागायचं. प्रज्ञाची नवी प्रत बाहेर ताटकळत उभी.

तिनं कप्पा शोधला. जुनी प्रत क्षणभर बाजूला केली, दुसऱ्या चौकटीत आपल्या प्रतीचा पत्ता लिहिला आणि मला चालवलं. लाल ठिपक्यावर प्रोग्राम थबकला. खडकवस्ती, एक खेप.

"सापडलं," ती म्हणाली. पण जुनी प्रत परत कप्प्यात ठेवली आणि आबासाहेबांकडे वळली. "आबा, ही जुनी तिथून काढावी लागेल. नाहीतर रोजचा कागद हीच काढणार."

आबासाहेबांचा चेहरा उतरला. "तिच्यावर बेलभंडारा उचललाय, पोरी. तुज्या-माज्या मनानं काढली, तर उद्या लोकं म्हनत्याल आबानं पानी फिरवलं. समद्यांना बोलवावं लागंल."

"म्हणजे अजून एक दिवस जाणार."

"जाईल. पन एकदा गेलेला इस्वास टँकरनं आनता येत न्हाई."

निरोप गेले. दुसऱ्या दिवशी माणसं जमली. प्रज्ञानं सगळ्यांसमोर आधी जुन्या प्रतीचा कागद काढला, मग नव्या प्रतीचा. पुंजारामचं गाव मोठं. त्यानं दोन्ही कागद जवळ धरून बघितले आणि म्हणाला, "आमची एक खेप कमी झाली की. ती यांना गेली."

"गेली," प्रज्ञा म्हणाली. "टँकर एकच आहे, काका."

"मंग शपथ कशापायी घ्येतली हुती?"

छबूबाई उंबऱ्यावर होती. ती उठली नाही. "शपथ आमी बी घ्येतली हुती, पुंजाराम. माजा हात तुज्या हाताच्या शेजारीच हुता ताटात. कागद म्हनंल तसं, आसं म्हनलो. कागदानं आमाला इसरलं तर काय, हे तवा कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. माज्या बी न्हाई आलं. तवा आमच्या आडाला पानी हुतं."

मग पुंजारामनं ताटातलं बेलाचं पान उचललं. "काडा ती जुनी," तो म्हणाला. "पन पुन्ना उचला समद्यांनी. आन या बारीला समदी नावं आदी मोठ्यानं वाचा."

जुनी प्रत फ्लॉपीवर उतरवून आबासाहेबांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. नवा भंडारा माझ्यावर पडला. कागद निघाला आणि रंभाजी टँकर घेऊन माळाकडे गेला. आबासाहेब बोलल्याप्रमाणे शेजारी बसले. छबूबाई पलीकडे, दाराशी.

संध्याकाळी रंभाजी परत आला. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, पण गेला नाही.

"काय झालं?" प्रज्ञानं विचारलं.

"वस्तीवर कुनी न्हाई, ताई. सकाळीच उठली समदी. पूजाला दुधाच्या टेम्पोत घालून कोल्हारला नेली, मामाकडं. तितं नदीला पानी हाय म्हनं. लेकराला धुरळा लागू नये म्हनून टेम्पोला लुगडं बांधलं हुतं."

"मग टँकर?"

"म्हातारी म्हनली, माघारी न्यायचा न्हाई. दरएक घराफुडं पान्याचं टिपाड हाय. समदी भरून घ्येतली तिनं माज्याकडनं. कुलपं घातलेल्या घरांची बी. वर झाकान न्हवतं तितं फळी, फळी न्हवती तितं धोंडा ठेवून पोतं. म्या म्हनलो, मावशी, हे पिनार कोन. तर म्हनली, घरी आलेल्या मानसाला पयलं काय देत्यात?"

प्रज्ञानं डोळे पुसले आणि मला बंद केलं. त्या दिवशी बंद झाल्यावरही माझा पंखा बराच वेळ फिरत होता, असं कुणी सांगितलं तर यावेळी खरं माना.

वस्तीवर पुढे काही घरं परत आली, काही नाही आली. पूजाचं लेकरू कोल्हारला रांगायला लागलं असं ऐकलं. कुणी म्हणायचं ते आता येतील, कुणी म्हणायचं नाही येणार. छबूबाई मात्र खेपेच्या दिवशी टिपाडं धुऊन ठेवायची. सगळी.

मला नंतर नव्या कॉम्प्युटरनं माझ्या जागेवरून हटवलं, आणि मी पोत्याखाली गेलो. उंदरांनी माझ्यात संसार मांडलाय. त्यांनाही खेपा लावून दिल्यात मी. माझी माळ, माझा मान कुणी आठवत नाही, त्याचं फार वाईट वाटत नाही.

पण मित्रांनो, एवढं ऐका. मला पुसा, झाका, धुळीपासून जपा, ते तर कराच. पण ज्या यंत्रावर तुम्ही विश्वास टाकता त्याची पूजा करून मोकळे होऊ नका. ते उठल्यावर कुणाचं ऐकतं, त्याच्या हातात कुणी काय दिलंय, ते वरचेवर उघडून बघा. आणि त्यातून कागद निघाला की प्रत्येकजण आपलं नाव शोधतो, तसं शोधा खुशाल. ते सापडलं की कागद खाली ठेवू नका. त्यात कोण नाही, तेही एकदा बघा. उंबऱ्यावर कुणी येऊन बसायच्या आधी बघा.