हॉलिससाहेबांचं पाठ केलेलं भाषण

निवडणूक जवळ आली की आमच्या टेक्सासच्या दक्षिण टोकाला एक चमत्कार घडतो. एरवी कचेरीच्या खिडकीतून "इंग्रजीत बोला" म्हणून डाफरणारी मंडळी एकाएकी स्पॅनिश बोलू लागतात! मिठ्या काय, 'माझ्या बंधुभगिनींनो' काय! हा चार वर्षांनी येणारा उमाळा तुम्हीआम्ही किती वेळा पाहिलाय, सांगा बरं.

एल्विया बारेराने तर तो वर्षानुवर्षं जवळून पाहिला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी ही बाई. निवडणूक आली की वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून ती प्रचाराच्या जेवणावळीला न्यायची. पाचांगा म्हणतात तिला आमच्याकडे. भाजलेलं मांस, राजमा, थंडगार बिअर आणि मग भाषण. एल्विया सांगेल त्याला वस्ती मत द्यायची.

यंदा मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचा नवरा रोसेंदो डायलिसिसवर होता. मागच्या पावसात कच्च्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि त्याला न्यायला आलेली गाडी कोपऱ्यावरूनच परत फिरली. डायलिसिसची खेप चुकली, छातीत पाणी भरलं. बिचाऱ्याला आडवं होता येईना. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही उरणार नाही."

आमच्या जिल्ह्याचे, म्हणजे काउंटीचे, रस्ते सांभाळणाऱ्या कमिशनरच्या जागेला ट्रॅव्हिस हॉलिस उभा होता.

"हॉलिस स्पॅनिश शिकलाय म्हणे. आपलं ऐकेल," एल्विया शेजारच्या दोन्या चोलेला, म्हणजे म्हाताऱ्या चोलेबाईंना, म्हणाली. म्हातारी एल्वियाच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"पोपटही शिकतो गं, कोमाद्रे," म्हातारी म्हणाली आणि गाडीत चढली.

पाचांग्यात हॉलिस झकास बोलला. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर एल्विया पुढे झाली आणि तिने स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. पाणी, परत फिरलेली गाडी, रोसेंदोचा श्वास. "साहेब, आमचा रस्ता कधी उंच करणार?"

हॉलिसने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "धन्यवाद, ताई! तुमचा पाठिंबा हेच माझं बळ!" लगेच फोटोही काढून घेतला.

त्याला काडीचंही कळलं नव्हतं, हे आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं. पण कुणी ब्र काढला नाही. पाहुण्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायची म्हणजे आमच्यात पापच! एल्विया तशीच बाकावर येऊन बसली.

"रस्त्याचं काय म्हणाला?" दोन्या चोलेने विचारलं.

"जाऊ दे ना, कोमाद्रे. नाही कळलं त्याला. पण आपली भाषा बोलायचा प्रयत्न तरी करतोय बिचारा. लोकांसमोर कशाला त्याची फजिती?"

म्हातारीने ताटली खाली ठेवली. "त्याची फजिती नको, आणि रोसेंदोचा जीव गेला तर चालेल? अगं, तो दोन शब्द आपल्या भाषेत बोलला की आपण उपकाराखाली दबतो. आपण बोलतो ते मात्र जातं वाऱ्यावर! मत मागण्यापुरती स्पॅनिश येते, मग गाऱ्हाणं ऐकण्यापुरती का येत नाही? माझ्या नवऱ्याची शवपेटी त्याच चिखलातून नेली मी. त्या वर्षीच्या उमेदवाराने तर स्पॅनिशमध्ये गाणंसुद्धा म्हटलं होतं! थकले बाई मी या रीतभातीला."

एल्विया उठली. तिने माइक घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "साहेब, मघाशी मी तुम्हाला काय विचारलं, ते जरा या लोकांना सांगा."

मांस भाजणारासुद्धा थबकला. हॉलिसच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने घाम पुसला. "मला... मला माहीत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "भाषण पाठ केलंय मी."

एल्वियाला वाटलं होतं, आता बरं वाटेल. कसलं काय! तिला फक्त थकवा आला. "मग ते राहू द्या," ती म्हणाली. "दुभाषी बोलवा आणि बसा. आता आम्ही बोलतो."

हॉलिस बसला. त्याच्या प्रचार-कचेरीतली एक मुलगी वाक्यावाक्याला अर्थ सांगू लागली. एल्वियामागून एकेक जण उठला. जेवण गार झालं. शेवटी हॉलिस हळूच म्हणाला, "यंदा रस्ता होईल असं वचन मी देऊ शकत नाही." कडू होतं, पण खरं होतं.

परतताना गाडीतल्या म्हाताऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मग मत कुणाला, एल्विया?"

"मला नका विचारू. इतकी वर्षं मी सांगत आले, ते चुकलंच माझं. उमेदवाराला विचारा, त्याचं उत्तर ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा."

मित्रहो, आपल्या भाषेत कुणी मत मागितलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्याच भाषेत तुमचं दुःख ऐकून घेण्याची सोय त्याने केली आहे का, ते बघा. आणि भिडेपोटी गप्प बसू नका, कारण त्या भिडेची किंमत घरातल्या माणसाला मोजावी लागते.

रस्ता अजून कच्चाच आहे. पाऊस झाला की वस्तीतले चौघे रोसेंदोला खुर्चीत बसवून कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत उचलून नेतात. आणि काउंटीची सभा भरली की एल्विया उभी राहते, दुभाषी मागते आणि तो आल्याशिवाय खाली बसत नाही.