फळीवरचा कच्चा साबण

मी साबण बोलतोय. रंगीत वेष्टनातला, सुवासिक वगैरे नव्हे. ऑलिव्हच्या तेलाचा, हाताने घोटलेला, मळकट हिरवा. बोलायला तोंड वर होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मोठ्या पातेल्यात तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र आलं, तिथे माझा जन्म झाला. म्हाताऱ्या साबणवाल्याने मला लाकडी दांड्याने घोटलं, साच्यात ओतलं आणि घट्ट झाल्यावर तारेने कापून फळीवर मांडलं. शेजाऱ्यात आणि माझ्यात बोटभर जागा, वारा खेळावा म्हणून. आमच्या अंगात कॉस्टिकची आग असते. ती वाऱ्यावर हळूहळू शमते. शमली की नाही, हे साबणवाला जिभेच्या टोकाने ओळखायचा. चुरचुरलं तर साबण कच्चा.

एके सकाळी त्याने मला जीभ लावली. मी चांगलाच चावलो. वाटलं, आता तोंड वाकडं करेल. पण त्याने पुन्हा जीभ फिरवली आणि म्हणाला, "झाला."

मी गोंधळलो. पण फळीवर पडून इतका कंटाळलो होतो, की सुखावलोही.

त्याची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. बाळाची अंघोळ नव्या साबणाने व्हायची होती. आधी साबणवाल्याच्या बायकोने मला हातावर चोळलं. भांडी घासून तिच्या हातांना भेगा पडलेल्या. फेस भेगांत शिरला आणि ती कळवळली.

"अहो, हा चावतोय!"

"तुझेच हात फुटलेत. साबणाला नावं ठेवू नकोस, मी चाखलाय."

"चाखलाय म्हणे! हल्ली भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवता. मला वाटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं."

मुलगी हसली. तिने टबात कोपर बुडवून पाणी पाहिलं, बाळाला मांडीवर पालथं घेतलं आणि मला उचललं. "बाबा, मग घालू ना याने अंघोळ?"

बाळाच्या पाठीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि मी वीतभर अंतरावर. माणसं शरमेने पाणी पाणी होतात म्हणे. मी फेस होऊन ओघळत होतो, आणि तो फेसही चावराच.

"थांब." माझ्याकडे न बघता त्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "मला चव कळत नाही. मागे आलेल्या तापातून उठल्यापासून. गोड नाही, तिखट नाही, चुरचुरणंही नाही."

"आणि सांगितलं नाहीत?" बायको म्हणाली.

"काय सांगू? साबणवाल्याची जीभ मेली म्हणून?"

त्याची मान खाली गेली ती वर येईना. बायकोने लाल झालेले हात फडक्याला पुसले, मला उचलून जिभेचं टोक लावलं आणि तोंड असं वाकडं केलं, की मुलीला हसू आवरेना.

"शी! ठार कच्चा आहे. अख्खी फळी अजून राहू द्या."

आता मी परत फळीवर आहे. माझी एक कड त्या भेगाळलेल्या तळव्यात झिजली. त्या कडेकडे मला बघवत नाही. अधूनमधून दोघं येतात. ती जीभ लावते, तो माझ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहतो.

"अजून नाही हो," ती म्हणते.

मला घाईने 'झाला' म्हणू नका, एवढंच मागणं. आणि तिचं तोंड वाकडं व्हायचं थांबेल, त्या दिवशी मला बाळाकडे नेऊ नका. आधी तिच्या हातांवर ठेवा.