निकालावर पगार

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या त्या घरात वनिताताईंनी आल्या आल्या एकच कायदा केला होता: जेवणाच्या टेबलावर मराठीच. एरवी नात ऋग्वेदा त्यांचं मराठी ऐकून खुशाल इंग्रजीत उत्तरं देवो, पानावर बसलं की ते बंद. उभा जन्म प्राथमिक शाळेत काढलेली बाई ती, मुलालाही सूट नव्हती आणि सुनेलाही.

त्या आठवड्यात घर नुसतं धुमसत होतं. ऋग्वेदाला पुढच्या वर्षी इतिहास घ्यायचा होता आणि तिचा बाबा मकरंद फिजिक्सवर अडून बसला होता. इतिहास घेऊन काय म्युझियमच्या दारात तिकिटं फाडणार, असं तो रोज म्हणे आणि पोरगी रोज अर्धपोटी उठे. वनिताताईंचा जीव तुटायचा. पण मुलाच्या संसारात किती बोलायचं, म्हणून त्या स्वतःला आवरत.

शुक्रवारी पोरीनं चार घास खावेत म्हणून त्यांनी तिच्या हातातल्या चित्राची चौकशी केली. शाळेनं अभ्यासाला दिलेलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं विलायती व्यंगचित्र होतं ते. तेव्हा सरकारनं ठरवलं होतं म्हणे, पोरं जितकी पास, तितका शाळेला पैसा. चित्रात उंच टोपीचा इन्स्पेक्टर पोरांना तागडीत घालून तोलत होता, आणि मास्तर एका किडकिड्या पोराच्या खिशात गुपचूप दगड भरत होता.

मकरंदनं वाकून पाहिलं. सिस्टिम चांगलीच आहे की, म्हणाला, मोजल्याशिवाय कळणार कसं? चित्र टिंगल करतंय, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

"तसं नाही, बाबा," ऋग्वेदा शब्द चाचपडत म्हणाली. "हा इन्स्पेक्टर येतो आणि सगळ्या मुलांचा निकाल लावतो."

मकरंद खो खो हसला. सून प्रणिता, तिलाही हसू आवरेना. पोरगी कानापर्यंत लाल झाली. रिझल्टला निकालच म्हणतात ना, तिनं आजीला विचारलं.

"म्हणतात," वनिताताई म्हणाल्या. "पण परीक्षेचा निकाल लागतो. माणसाचा निकाल लावला, म्हणजे त्याला संपवला. तू चुकली नाहीस हो. या चित्राचा इतका नेमका अर्थ मलाही सांगता आला नसता."

मकरंद डोळे पुसत म्हणाला, चला, विषयाचाही प्रश्न मिटलाय. कालच त्यानं शाळेच्या साइटवर तिचे विषय भरून टाकले होते, इतिहास काढून.

 आता ही उठणार, वनिताताईंना वाटलं. पण ती उठली नाही, रडली नाही, इंग्रजीतही शिरली नाही.

"म्हणजे बाबा," ती म्हणाली, "तू माझा निकाल लावलास."

या वेळी शब्द चुकून आला नव्हता, आणि ते टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. मकरंद हसला नाही. तो वाटीतली आमटी ढवळू लागला. मग मान वर न करता त्यानं विचारलं,

"विषय बदलायचा असेल तर सोमवारी शाळेत कुणाला फोन करायचा असतो?"