कुसुमनं लावलेलं कुंकू

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," यज्ञेश्वरराव बाकावर मांडी घालत म्हणाले, "पण माझ्या कादंबरीची नायिका आज दुपारी वहीतून उतरली आणि जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेली. लिफ्ट बंद होती ना!"

कोथरूडच्या त्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू नुकतंच आटोपलं होतं. शेजारचे इम्तियाजभाई तिळगूळ चघळत ऐकत होते. समोर उभ्या होत्या सुहासिनीबाई, यज्ञेश्वररावांच्या पत्नी आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंना कुंकू लावून हॉलमध्ये पाठवलं कुणी? सुशीलाबाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले, आणि यंदा मंडळानं त्यांचं नाव यादीतून गुपचूप गाळलं. ती यादी यज्ञेश्वररावांनीच सुवाच्य अक्षरात उतरवून दिली होती. चाळीस वर्षं घरात 'तू म्हणशील तसं' याखेरीज त्यांनी मत म्हणून दिलं नव्हतं. आज खरं सांगायची छाती होईना.

"कुसुम म्हणजे गरीब गाय," ते रंगात आले. "एकोणीस प्रकरणं नुसती मान डोलावली. विसाव्यात मी लिहिलं, 'कुसुम त्या विधवेचं दार टाळून पुढे गेली.' तर तिनं माझं पेनच धरलं! म्हणाली, 'काका, मी नाही टाळणार. लोकांना जे म्हणायचंय, ते एकविसाव्या प्रकरणात म्हणू देत.'"

"पुण्याचीच दिसते," इम्तियाजभाई म्हणाले.

"म्हणजे काय! जाताना माझं अक्षर चांगलं, पण कणा नाही, असंही सुनावलं. मग आमच्या देवघरातला करंडा उचलून तडक वर. सुशीलाबाई 'नको हो, नको हो' म्हणतायत, तोवर हिनं चिमटीत कुंकू घेतलं, लावलं. मग हळद लावली. म्हणाली, 'खाली चला, तुमची खुर्ची रिकामी आहे.' त्या रडल्या, हसल्या, आणि साडी बदलून आल्या. आलेल्या बाईला तू तरी परत कशी पाठवणार? वाण दिलंसच की!"

इम्तियाजभाईंचं चघळणं थांबलं. सुहासिनीबाई नवऱ्याच्या हातांकडे बघत होत्या. यज्ञेश्वररावांनी ते हळूच खिशात सरकवले.

"अहो, थापा पुरे," त्या म्हणाल्या. "आधी हळद लावतात, मग कुंकू. शेंबडी पोरसुद्धा उलटं करायची नाही. हे बाईचं काम नव्हेच. काढा ती पिवळी बोटं बाहेर! आणि पुढच्या वर्षी वर मी जाईन. तुम्हाला येत नाही."