जयराजचा पांढरा शर्ट

मित्रांनो, कोरेगावजवळच्या एका वाडीत, अंजनाच्या घरात खिडकीखाली उभी असलेली जुनी शिलाई मशीन ती मीच. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता पुसट झाली आहे, पण चाक मात्र अजून एका बोटाने फिरतं.

लुधियानाच्या कारखान्यात माझे भाग जुळले आणि सांगलीच्या बाजारात मी विकायला आले. माधवनगरच्या गिरणीत काम करणाऱ्या केरबांनी मला लेकीसाठी घेतलं. "जन्मभर मी कापड इनलं पोरी, शिवायला काय जमलं न्हाई. त्येवढं तू शीक," असं ते म्हणाले. अंजना शिकली, आणि लग्न होऊन या वाडीत आली तेव्हा मीही टेम्पोत बसून तिच्यामागे आले.

ते दिवस माझ्या ऐन भराचे. झंपर, परकर, पोरांचे गणवेश, बाळाची कुंची, सगळं माझ्या सुईखालून जायचं. "अंजनाच्या हातची शिवण उसवत न्हाई," असं बायका म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई. पुढे तयार कपडे स्वस्त झाले. माझं झाकण बंद झालं. माझ्यावर औषधांच्या पुड्या आल्या, चार्जिंगला लावलेले फोन आले. पट्टा वाळला, पायडल गंजलं. मी रुसले नाही, पण वाईट वाटायचं.

अंजनाचा नवरा जयराज फौजेत हवालदार होता. उंच डोंगरावरच्या बर्फात पहारा करताना थंडीने त्याच्या उजव्या हाताची सगळी बोटं गेली. डाव्या हाताची राहिली, पण त्यांच्या टोकांना काही लागलेलं कळेनासं झालं. तो कायमचा घरी आला. माणूस जिवंत परतला म्हणून घरात आनंद होता. रोज सकाळी अंजना त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. एकदा ती बटणं लावत असताना भावकीतला कुणीतरी दारात आला आणि हसत म्हणाला, "काय हवालदार, शाळंला निघाला व्हय?"

तो चेष्टेत बोलला. पण त्या दिवसापासून जयराजने शर्ट सोडला. बनियनवर घरातच बसू लागला. लग्नाला नाही, बाजाराला नाही, पारावरसुद्धा नाही. त्याची आई बनुबाई एकदा सुनेला म्हणाली, "बर्फातनं सुटलं माझं लेकरू, आन् घरात गोठलं बघ."

ऑगस्ट उजाडला. गावच्या शाळेचे सयाजी गुरुजी आले. "हवालदारसाहेब, औंदाचा झेंडा तुमच्या हातनं."

"न्हाई गुरुजी. दुसरं कोणतरी बघा," जयराज म्हणाला.

गुरुजी गेल्यावर अंजनाने विचारलं, "आवं, न्हाई का म्हणालासा?"

"बायकोनं नटवून पाठवल्यालं बाहुलं झेंड्याखाली हुबं करू व्हय?" एवढं बोलून तो आत गेला.

अंजना सरळ माझ्याकडे आली. मग तिने माझ्यावरच्या पुड्या उचलल्या, झाकण उघडलं, जाळी पुसली आणि सांध्यासांध्यात तेल सोडलं. मित्रांनो, ते तेल आत झिरपलं तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! तहानलेल्या गुराला पाणी दाखवावं तसं झालं.

तिने बाजारातून पांढरं कापड आणलं. पहिल्या शर्टाला तिने बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. जयराजने ती एकदाच ओढली. चर्रकन आवाज झाला. "पोरांच्या बुटाला असती ही," म्हणून त्याने शर्ट बाजूला ठेवला. अंजनाने तो घडी करून ठेवला. पण दुसऱ्या दिवशी बाजारात पर्स दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर ती थबकली. एका पर्सचं झाकण त्याने नुसतं सोडलं आणि ते आपोआप टक्कन बसलं. आत चुंबक होतं.

चपटी, गोल चुंबकं घेऊनच ती घरी आली. दुसऱ्या शर्टाच्या पट्टीत माझ्यावर तिने छोटे छोटे कप्पे शिवले. पण चुंबक आत सरकवून कप्पा बंद करायला गेली तर ते माझ्याच लोखंडाला चिकटलं. सुई कडकन मोडली. मी ओशाळले. इतक्या वर्षांनी काम मिळालं आणि ऐन वेळी मीच आडवी आले! अंजना हसली, कापड मांडीवर घेऊन बसली आणि ते टाके तिने हाताने घातले. एक चुंबक उलटं बसलं होतं, त्यामुळे पट्ट्या एकमेकींपासून पळू लागल्या. तिने ते उसवलं, पुन्हा शिवलं. वर शोभेची खरी बटणं टाचली. बघणाऱ्याला वाटावं, नेहमीचाच शर्ट.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी तिने तो खुंटीला अडकवला. बटणं बघताच जयराजचा चेहरा उतरला. "चेष्टा करतीस व्हय गं?"

"आवं, घालून तरी बघा. मी भायेर जाती." तिने दार ओढून घेतलं.

खोलीत तो आणि मी, दोघंच. त्याने बाह्या चढवल्या. डाव्या हाताने एक पट्टी दुसरीजवळ नेली. टक्. तो दचकला. मग खाली, टक्. आणखी खाली, टक्, टक्. आरशासमोर तो ताठ उभा राहिला. छाती अशी वर आली की शिवणीवर ताण पडला. पण शिवण माझी होती, ती धरून राहिली.

दार उघडून तो बाहेर आला. बनुबाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणी लावली रं बटणं?"

"मी, आई. माझी मी."

म्हातारीने पदर डोळ्याला लावला. अंजना मात्र रडली नाही. तिने पुढे होऊन कॉलरची मागची घडी निरखली आणि म्हणाली, "खांद्यात बरोबर बसलाय."

शाळेतलं मी पाहिलं नाही, ते बनुबाईने शेजारणीला सांगितलेलं ऐकलं. त्याने डाव्या मनगटाला दोरीचा वेढा घेऊन झेंडा फडकवला, सलामी दिली, आणि शिंप्याचं नाव विचारणाऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "शिंपी न्हवं गड्या, आमची अंजना!"

आता माझ्यावर पुड्या नसतात. जतकडून गुंडा नावाचा एक मेंढपाळ आला होता, त्याचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेलेला. त्याला बिरोबाच्या जत्रेला शर्ट हवा होता. अंजनाने माप घेतलं आणि कसा घालायचा ते जयराजने स्वतः दाखवलं.

म्हणून मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल द्या, एवढं तर मी मागणारच. पण माणसाची काळजी घ्यायची असेल, तर त्याचं काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. त्याला ते स्वतः करता येईल अशी वाट शोधा. एका सुईने भागलं नाही तर दुसरी घ्या. शिवण उसवावी लागली तर उसवा.